मास्तरांच्या खोलीत धूर नव्हता

१

मेलेल्या माणसाच्या गालांवर इतकी लाली डॉक्टर नोएमी कोसारने आजवर पाहिली नव्हती.

हिनेस मास्तर पलंगावर उताणे पडले होते. रजई छातीपर्यंत नीट ओढलेली, डोळे मिटलेले. हिवाळा लागला की या माणसाचे ओठ जांभळे पडायचे. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना ते कठड्याला धरून उभे राहायचे आणि हाताने खूण करायचे, थांबा, बोलायला दम नाही. आज मात्र ओठ लालबुंद, गाल गुलाबी. आत्ताच डोंगरावरून फेरफटका मारून आलेल्या माणसासारखे.

पलंगाच्या पायाशी शेजारची तोमासा बसली होती. दुपारी ती लसणाचं सूप घेऊन आली आणि तिनेच त्यांना पाहिलं. ती कपाळ दाबून धरत होती. मळमळतंय, डोकं फुटायला आलंय, असं तिने सांगितलं. दुःखाने होतं असं, म्हणून नोएमीने तिला बाहेर अंगणात नेऊन बसवलं.

"हवेनंच नेलं ना गं त्यांना?" तोमासाने विचारलं.

गल्लीत जमलेली माणसंही तेच कुजबुजत होती. तोंडावर मफलर, डोळे चुरचुरून लाल झालेले. अल्कोराया गाव डोंगरांच्या वाटीत बसलेलं. जानेवारीत वारा पडला की वाटीवर झाकण बसावं तशी हवा कोंडते. ऑलिव्हच्या छाटलेल्या फांद्या शेतात जळतात, घरोघरी लाकडाच्या शेगड्या पेटतात, आणि घाण्यातून निघालेला चोथा वाळवायची क्रिसांतोची भट्टी रात्रंदिवस धूर ओकते. त्या हिवाळ्यात झाकण उठायचं नावच घेत नव्हतं. म्हातारी माणसं एकामागून एक आजारी पडत होती. पुढचा नंबर कुणाचा, एवढंच बोलायचं उरलं होतं.

भीती नोएमीलाही होती. आदल्या संध्याकाळी डोंगरातल्या एका वाडीवर रोगी बघून ती परत येत होती. जुन्या किल्ल्याच्या वळणावर तिने गाडी थांबवली. वर स्वच्छ चांदणं होतं, आणि खाली गाव नव्हतंच. चर्चचा मनोरा नाही, एक दिवा नाही, नुसता करडा साय धरलेला समुद्र. त्या सायीखाली कुठेतरी तिची सात वर्षांची इरेने छातीत शिट्टी वाजवत झोपली होती. गाडी खाली घालायला तिचा पाय धजेना.

आता ती मास्तरांच्या गालाकडे पुन्हा पाहत राहिली. धुराने गुदमरलेला माणूस काळानिळा पडतो. गुलाबी होत नाही.

मृत्यूच्या दाखल्यावर सही न करता तिने रक्त काढून घेतलं आणि चौकीवर फोन केला.

२

सार्जंट विल्चेस हा जाडजूड, मंद चालीचा माणूस. गावात येऊन त्याला वर्ष झालं नव्हतं आणि अजून तो प्रत्येकाला अहो-जाहोच करत होता. रक्ताचा निकाल हाएन शहरातल्या मोठ्या इस्पितळातून आला तेव्हा तो नोएमीच्या टेबलासमोर बसून होता.

"कोळशाचा वायू, कार्बन मोनॉक्साइड," नोएमी म्हणाली. "ना रंग, ना वास. माणूस झोपेत जातो आणि गाल गुलाबी राहतात."

"म्हणजे शेगडी."

"मास्तरांकडे शेगडी नव्हती. धुराविरुद्ध गावभर भांडणारा माणूस तो. स्वतःची शेगडी त्यांनी केव्हाच काढून टाकली होती. विजेवर भागवायचे."

दोघं पुन्हा त्या खोलीत गेली. खिडकीच्या फटींवर मास्तरांनी चिकटपट्टी लावली होती, कुठेही उचकटलेली नव्हती. जुन्या धुराड्याचं तोंड विटांनी बुजवून वर गिलावा केलेला. पलंगाजवळ हवा गाळायचं छोटं यंत्र अजून घुरघुरत होतं. ते नोएमीनेच त्यांना मागवून दिलं होतं. पलीकडे, लाल फरश्यांवर घासून लावलेल्या मेणात एक फिकट गोल उमटला होता, परातीच्या तोंडाएवढा.

विल्चेसने गोलावरून बोट फिरवलं. तोमासाला विचारल्यावर ती म्हणाली, कुंडी असेल. पण कुंडी कुठे गेली ते तिला सांगता येईना.

मग विल्चेसने, आपला नेहमीचा प्रश्न विचारावा तसं, तिच्या घरातल्या शेगडीबद्दल विचारलं. भिंत दोन्ही घरांची एकच होती, आणि त्याच भिंतीतून तिचं धुराडं वर जात होतं. म्हातारीचा चेहरा पांढरा पडला. तिने एप्रन तोंडाला लावला.

"पालिकेने ठरवलेली लाकूडबंदीची संध्याकाळ होती," ती म्हणाली. "तरी मी लाकडं घातली. पायाला पेटके येत होते हो. रात्रभर जळत होती शेगडी. भिंतीतून गेलं असेल ना ते? मीच मारलं मास्तरांना."

३

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. तोमासाच्या दारापुढून जाताना माणसं पलीकडच्या कडेने जाऊ लागली. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येकाला स्वतःची भिंत आठवली. भिंतीपलीकडचा धूर आपल्यालाही झोपेत नेईल या भीतीने माणसं कपड्यानिशी बसून राहिली. काही जण शेगड्या विझवून पोरांना घेऊन एका रजईत शिरले. काही शेजाऱ्यांच्या धुराड्यांवर पहारा करत बसले. दोन घरांत हाणामारी झाली.

नोएमी मात्र मास्तरांच्या यंत्राची जाळी समोर घेऊन बसली होती. तोमासा म्हणाली होती, मरणाच्या संध्याकाळीच तिने मास्तरांना ही नवी जाळी बसवून दिली. जुनी कचऱ्यात होती, डांबरासारखी काळी. ही मात्र जवळजवळ पांढरी. आता तिला आठवलं, गावभर धुराचा वास होता आणि एका त्याच खोलीत नव्हता.

"लाकडाचा धूर भिंतीतून आला असता," ती विल्चेसला म्हणाली, "तर ही एका रात्रीत काळी झाली असती. जाळी धूर अडवते. वायू अडवत नाही. खोलीत नुसता वायू आला, धुराशिवाय."

"आणि धुराशिवाय वायू कशातून येतो?"

"बारीक कोळसा. बाहेर पेटवून, पुरता लाल झाल्यावर आत आणलेला. आमच्याकडे जेवणाच्या टेबलाखाली ठेवतात तशा तांब्याच्या शेगडीत."

फरशीवरचा फिकट गोल दोघांच्याही डोळ्यांपुढे होता. कुणीतरी ती शेगडी हातात धरून आणली होती, झोपलेल्या माणसाशेजारी ठेवली होती आणि पहाटे उचलून नेली होती. नोएमीनेच दिलेली झोपेची गोळी घेऊन मास्तर रोज लवकर झोपायचे, हे सगळ्यांना ठाऊक. त्यांच्या घराची किल्ली तोमासाच्या दारामागच्या खिळ्याला लटकत असायची, हेही सगळ्यांना ठाऊक.

म्हणजे मास्तरांना हवेने नेलं नव्हतं, तोमासानेही नाही. नोएमीला वाटलं होतं, हे कळल्यावर जरा हलकं वाटेल. उलट तिने उठून दाराला आतून कडी घातली.

४

सगळ्यांची बोटं आधी क्रिसांतोकडे वळली असती. भट्टी त्याची. मास्तरांनी ती बंद पाडायचा चंग बांधला होता, आणि त्याचं दिवाळं वाजलं तर गावातली अर्धी घरं त्याच्याबरोबर बसली असती. सणाच्या दिवशी भर चौकात तो मास्तरांना म्हणाला होता, श्वास जपून वापरा.

तो भट्टीच्या दारात उभा होता, पापण्यांपर्यंत राख बसलेली. रात्रभर मी इथेच होतो, त्याने सांगितलं, कामगारांना विचारा. विल्चेसने विचारलं होतंच. सगळ्यांनी त्याला पाहिलं होतं.

"म्हाताऱ्याशी माझं वैर होतं, ते मी नाकारत नाही," क्रिसांतो म्हणाला. "पण मी नियम मोडला का कधी? चौकातला हवेचा फळा बघून भट्टी चालवतो मी. फळा लाल झाला की बंद. सबंध हिवाळ्यात लाल झालाय का? पिवळा आहे. पिवळ्याला चालवायची परवानगी आहे."

"तुम्हाला ही हवा पिवळी वाटते?" नोएमीने विचारलं.

क्रिसांतोने खोकून जमिनीवर थुंकलं. थुंकी काळी होती. "मला काय वाटतं त्याला कोण विचारतो, डॉक्टर? मशीन पिवळं म्हणतं."

परत येताना गाडीत नोएमीला एक गोष्ट आठवली. मास्तर गेल्या शुक्रवारी दवाखान्यात आले होते. तपासून झाल्यावर शर्टाची बटणं लावता लावता ते म्हणाले होते, "माझी छाती आणि चौकातला फळा, दोघांपैकी एक खोटं बोलतंय, नोएमी. कोण ते मला आता कळलंय. पण त्याला सोमवारपर्यंत वेळ दिलाय." तिला वाटलं, म्हातारपणाचं बोलणं. सोमवार उजाडायच्या आतच मास्तर गेले.

५

फळ्यावरचा रंग रोज सकाळी फाबियान बदलायचा. पालिकेत पर्यावरणाचं खातं त्याच्याकडे होतं. हवा मोजायची पेटी शाळेच्या मैदानात होती आणि तिच्या कुंपणाची किल्ली त्याच्या कमरेला. तो आणि नोएमी एका बाकावर शिकलेले, दोघंही मास्तरांच्या हाताखाली. मास्तर गेल्याचं कळल्यावर तो दवाखान्यात येऊन लहान पोरासारखा रडला होता.

त्याने आपण होऊन चौकीवर जबाब दिला होता. बंदीच्या रात्री कोण लाकूड जाळतं ते बघायला तो त्या संध्याकाळी किल्ल्यावर गेला होता, रात्रीपर्यंत तिथेच होता. वरून सगळी धुराडी मोजली. तोमासाच्या धुराड्यातून धूर निघून मास्तरांच्या घरावर पसरताना स्पष्ट दिसला. मास्तरांच्या खिडकीत दिवाही होता. त्याच वेळी खाली जाऊन म्हातारीला शेगडी विझवायला लावली असती तर, असं म्हणून तो पुन्हा रडला होता.

विल्चेस हा जबाब शांतपणे सांगत होता. नोएमीने मध्येच त्याचा हात धरला.

"मैदानात या," ती म्हणाली. "पेटी बघायची आहे मला."

विल्चेसला आधी चौकीवर जाऊन एक फोन करायचा होता. ती पुढे निघाली. दुपार होती, पण शाळा सुटल्यासारखं सगळं सामसूम. दवाखान्यात रोगी वाढल्यामुळे तिने स्वतःच मुलांना घरी ठेवायला सांगितलं होतं. मैदानाचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं. धुरातून झोपाळ्याचे खांब तेवढे वर आले होते. कुंपण कंबरेएवढं. ती ओलांडून आत उतरली.

पेटीच्या छतावरून हवा आत ओढणारी नळी वर गेली होती. तिच्या टोकाला पत्र्याची टोपी. नोएमीने पेटीच्या कडेवर पाय देऊन हात वर केला आणि टोपीच्या आत बोटं घातली. काहीतरी मऊ लागलं. बायकांचा पायमोजा, आत कापूस ठासलेला. ती ओढून काढणार एवढ्यात मागून आवाज आला.

"तिथे हात लावू नकोस, नोएमी."

६

फाबियान कुंपणाच्या फाटकात उभा होता. फाटक त्याने मागे लावून घेतलं.

ती मोजा ओढून घेऊनच खाली उतरली. विल्चेस कुठवर आला होता तिला माहीत नव्हतं. हाक मारली तरी कुणाला काही दिसलं नसतं. बोलत राहायचं, एवढंच तिला सुचलं.

"किल्ल्यावरून तू काय पाहिलंस, ते मला पुन्हा सांग."

"सांगितलंय सार्जंटला. तोमासाचं धुराडं. मास्तरांचा दिवा."

"त्या संध्याकाळी मी किल्ल्याच्या वळणावर गाडी थांबवली होती," ती म्हणाली. "खाली काहीच नव्हतं, फाबियान. चर्चचा मनोरासुद्धा बुडाला होता. तुला धुराडं दिसणं शक्य नाही."

"तुझ्या वेळी नसेल दिसलं."

"वारा सबंध रात्र हलला नाही. तू तिथे नव्हतास. आणि तुला खरं सांगताही येत नव्हतं. वरून काही दिसलं नाही म्हणाला असतास, तर लोकांनी विचारलं असतं, पिवळ्या हवेत गाव कसं बुडालं? फळा पिवळा, म्हणून तुला धुराडी दिसायलाच हवी होती. एक खोटं झाकायला दुसरं बोललास, आणि तोमासाला त्यात ढकललंस."

तो पुढे आला. ती पेटीला टेकली. तिच्या स्वतःच्या छातीतून शिट्टी येऊ लागली होती.

"लाल दिवस ठरावीक आकड्याच्या वर गेले की वरचे लोक भट्टीला टाळं ठोकणार होते," तो म्हणाला. तो ओरडत नव्हता, हेच भयंकर होतं. "भट्टी बंद म्हणजे घाणे बंद. मग या गावात राहणार कोण? पहिल्या वर्षी एकच रात्र मोजा घातला मी. एकच. सकाळी सगळे किती खुश होते, तुला आठवत नाही? तूसुद्धा. पोरीला झोपाळ्यावर घेऊन आली होतीस."

नोएमी झोपाळ्याच्या खांबांकडे पाहू लागली. फळा पिवळा बघून, इथेच, या मैदानात तिने इरेनेला रोज खेळायला सोडलं होतं.

"मास्तरांनी मोजा पाहिला," ती कसंबसं म्हणाली.

"काठीने टोपी वर करून. मला म्हणाले, सोमवारी तू स्वतः चौकात सांग, मी सांगणार नाही. शाळेत असंच करायचे ना? चूक करणाऱ्यालाच फळ्याजवळ उभं करायचे." त्याने तोंडावरून हात फिरवला. "त्यांना काही कळलं नाही गं. माझ्या आईची तांब्याची शेगडी नेली होती. कोळसा नीट फुलवून नेला, धूर राहू दिला नाही. त्यांना धुराचा त्रास व्हायचा म्हणून."

तो अगदी जवळ आला होता. त्याने हात पुढे केला, तिच्या मुठीतला मोजा घ्यायला की आणखी कशासाठी, हे तिला पुढे कधीच ठरवता आलं नाही. तिने मोजा छातीशी धरून डोळे मिटले.

"फाबियानसाहेब," धुरातून विल्चेसचा आवाज आला, "फाटक उघडा, नाहीतर मला या वयात उडी मारावी लागेल."

तो कुंपणापलीकडे हातभर अंतरावर उभा होता. नुसत्या आवाजाच्या मागावर तो मैदान ओलांडून आला होता आणि बरंच काही त्याने ऐकलं होतं. फाबियानने वळून पाहिलं. मग कमरेची किल्ली काढली, पण फाटक उघडलं नाही. शेवटी तो तिथेच मातीत बसला. मोज्यातला कापूस नोएमीच्या हातात फुटला होता. आतून तो कोळशासारखा काळा होता.

७

मास्तरांना दुसऱ्या दिवशी पुरलं. त्या सकाळी मैदानातल्या पेटीने खरा आकडा दाखवला आणि विल्चेसने तो स्वतः फळ्यावर लिहिला. लाल रंगाच्याही पलीकडचा रंग होता तो. गावाकडे त्या रंगाचा खडूच नव्हता. लोक फळ्यापुढे उभे राहिले आणि काही न बोलता अंत्ययात्रेत सामील झाले.

दफनभूमी डोंगराच्या उतारावर आहे. शवपेटी खांद्यावर घेऊन माणसं धुरातून चढत राहिली, समोरच्याची पाठ बघत. एका वळणावर अचानक ऊन लागलं. निळं आकाश, दूरवर बर्फाची शिखरं. शवपेटी उचललेल्या माणसांनी आपोआप थांबून श्वास घेतला, मग मागच्यांनी घेतला, आणि कुणीतरी हुंदका दिला. इरेने आईच्या हाताला धरून चालत होती. तिच्या छातीतली शिट्टी थांबली होती. तोमासाला दोन बायांनी दोन्हीकडून आधार दिला होता. काल याच बाया तिच्या दारापुढून कड बदलून गेल्या होत्या.

माती पडली, प्रार्थना झाली, तरी कुणी निघेना. खाली करडा समुद्र पसरला होता आणि त्यात उतरायला कुणाचं मन होत नव्हतं. पोरांना भूक लागली. पाद्रीही चुळबुळले. तरी माणसं उन्हात थडग्यांवर बसून राहिली. जिथे ती जन्मली, जिथे त्यांची घरं होती, त्या गावाची त्यांना भीती वाटत होती. नोएमीलाही पोरीला घेऊन खाली जायचं नव्हतं.

शेवटी क्रिसांतो उठला. टोपी डोक्यावर घातली, कुणाकडे पाहिलं नाही.

"तुम्ही बसा," तो म्हणाला. "मी जाऊन येतो."

तो एकटा वाटेने उतरत गेला. आधी पाय बुडाले, मग खांदे, मग टोपी. वर सगळे कान देऊन बसले. भट्टीचा तो घरघराट हिवाळाभर गावाच्या कानात इतका मुरलेला की कुणाला ऐकूही येत नसे. आता मात्र सगळे तोच ऐकत होते.

बऱ्याच वेळाने तो घरघराट थांबला.

मग एकेक जण कपडे झाडत उठला, आणि तोंडाला मफलर बांधून, पोरांचे हात घट्ट धरून, खाली उतरू लागला.